पंचफुलेनं उठवलेला बैल

मोहखेडीत कोणाचं ढोर मेलं की माणसं आधी पंचफुलेच्या दारात येत. रडायला नव्हे, विचारायला. "बाई, चालते का?" मग ती विचारी, आजारी होतं काय, कोणी सुई टोचली काय, कोणतं औषध पाजलं. सगळं ऐकून घेऊन ती दोनपैकी एक उत्तर देई. "चालते" म्हटलं की ढोर ट्रॅक्टरला बांधून टेकडीमागच्या हाडकीवर टाकायचं, गिधाडांसाठी. "खड्डा खंदा" म्हटलं की निमूटपणे खड्डा खणायचा. या बाबतीत सरपंचाचंही तिच्यापुढं चालत नसे. गावात एकाच माणसाच्या शब्दावर सगळ्यांचं एकमत असणं ही मोहखेडीत तशी दुर्मीळच गोष्ट, गिधाडापेक्षाही दुर्मीळ.

पंचफुला कुमरे ही गावची पशुसखी. म्हणजे शेळ्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, जखमा धुवायच्या, आणि आपल्या आवाक्याबाहेरचं काही दिसलं तर सरकारी डॉक्टरला फोन करायचा. हे काम तिला सासऱ्यामुळं मिळालं. लग्नाला तीन-चार वर्षं झाली नाहीत तोच नवरा, हेमराज, शेतात साप चावून गेला. सावंगीच्या दवाखान्यात नेईस्तोवर वाटेतच सगळं संपलं. माहेरची माणसं तिला न्यायला आली तेव्हा सासरा जंगलू अंगणात आडवा उभा राहिला. "पोरगा तं गेला. आता पोरगी काऊन देऊ?" एवढंच म्हणाला. पुढं पशुसखीचं प्रशिक्षण निघालं तेव्हा तिला घेऊन वर्ध्याला गेला आणि तिचा डबा काखेत धरून दिवसभर बाहेर लिंबाखाली बसून राहिला. सून पळून जाईल म्हणून नव्हे, डबा काखेत राहिला तर भाकरी गरम राहील म्हणून. आता काखेतली भाकरी संध्याकाळपर्यंत किती गरम राहते ते सोडा, पण पंचफुला ती भाकरी विसरली नाही.

गिधाडांचं काम तिच्याकडं आलं ते मेघामुळं. मेघा ही त्या भागाची वनरक्षक, नालवाडीची मुलगी, बोलायला गोड आणि कामाला कडक. पिंजऱ्यात वाढवलेली लांब चोचीची गिधाडं वनखात्यानं नागपूरपलीकडच्या जंगलात सोडली होती. त्यांच्या पाठीवर छोटं यंत्र, पायात कडी. गिधाड कुठं गेलं, कुठं बसलं, सगळं मोबाइलवर दिसायचं. त्यातलं एक फिरत फिरत बोरच्या जंगलावरून मोहखेडीच्या टेकडीवर येऊ लागलं तेव्हा मेघा मोटरसायकल घेऊन गावात आली आणि गिधाडं कशानं संपली ते सांगू लागली. गावानं तिचं ऐकलं आणि जांभया दिल्या. मग पंचफुला उठली.

"असं हाय," ती म्हणाली, "ढोराले दुखते म्हणून आपण सुई टोचतो. तेच डायक्लोफेनॅक, जे माणसाच्या कमरेले देतात. ढोर बरं झालं तं ठीक. मेलं तं ते औषध त्याच्या मासात राह्यते. गिधाडानं ते खाल्लं का त्याचे गुर्दे बंद. आतून चुना मारल्यासारखं पांढरं होते अन् मान टाकून मरते. अन् एक ढोर एकटं गिधाड खात नाई, पंगतच बसते. मंग सारी पंगत मरते. तुमी म्हणान, मरू द्या, दुसरे येतीन. कोठून येतीन? पाच-सहा वर्षं वयात याले लागतात, अन् मंग वर्षाले अंडं देते एक. एक! आपली कोंबडी बरी."

गाव हसलं, आणि गावाला ते पटलं. जनावरांसाठी ते औषध केव्हाचं बंद आहे, तरी माणसांसाठीचं ढोरांना टोचतात, हेही तिनं सांगितलं. त्याऐवजी चालणारं मेलॉक्सिकॅम तिनं आपल्या पेटीत ठेवलं. जंगलूसारखे म्हातारे तर खूश झाले. लहानपणी हाडकीवर गिधाडांची रांग पाहिलेली माणसं ती. येणाऱ्या गिधाडाला गावानं नाव ठेवलं पाव्हणी. नर की मादी हे गिधाडात पाहून कळत नाही, पण गावानं ठरवलं मादी. कारण बसल्यावर ती पंख असे आवरून घेई, जसं एखादी बाई लुगडं सावरून ओट्यावर बसते. शेंबडी पोरंसुद्धा तिला दगड मारत नसत. हे सगळं पंचफुलेनं घडवलं होतं आणि तिला त्याचा अभिमान होता. असावाच. पण माणसाला ज्या गोष्टीचा अभिमान असतो, तिथंच त्याचा पाय घसरतो.

जंगलूचा एक बैल होता, बुध्या. बुधवारी जन्मला म्हणून बुध्या. गवळाऊ जातीचा, पांढरा, उंच, डोळ्यांत काजळ घातल्यासारखा. त्याला लहानपणी हेमराजनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं, कारण गाय व्यायली आणि मेली. हेमराज गेल्यावर जंगलू बुध्याशी जास्त बोलू लागला आणि माणसांशी कमी. जोडीचा बैल मेल्यावर बुध्याला कामाला जुंपणं बंद झालं, तरी पोळ्याला मात्र तो दरवर्षी वेशीवरच्या तोरणाखाली जायचाच, झूल पांघरून, शिंगांना बेगड लावून, नव्या नवरदेवासारखा.

यंदा पोळा जवळ आला आणि बुध्या बसला. मागचे पाय आखडले. उठवायला गेलं की हुंकारायचा आणि पुन्हा बसायचा. पंचफुलेनं पेटीतलं चालणारं औषध दिलं. फरक पडला नाही. सरकारी डॉक्टर येऊन पाहून गेले, म्हणाले, म्हातारपण आहे, आराम करू द्या. म्हातारपणाला औषध नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त आपल्या गोठ्यातल्या म्हातारपणाला तेवढं असावं असं वाटतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीच्या संध्याकाळी जंगलूनं नेहमीसारखं तूप-हळद कोमट केलं, पळसाच्या पानांनी बुध्याचे खांदे शेकले आणि रिवाजाप्रमाणं त्याच्या कानाशी जाऊन म्हणाला, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." आवतन उभ्या बैलाला द्यायचं असतं. बुध्या बसला होता. जंगलू त्याच्या मानेवर हात ठेवून तसाच उकिडवा बसून राहिला.

"मामाजी, चला, जेवून घ्या," पंचफुला म्हणाली.

"उठन तो," जंगलू म्हणाला. "हेमराजचा हाय तो. तोरणाखाली गेल्याबिगर नाई जात. पाह्यजो तू."

त्यानं तिच्याकडं काही मागितलं नाही. मागितलं असतं तर ती नाही म्हणू शकली असती. तिनं त्याला ताट वाढलं, त्यानं भाकरी कुस्करली आणि तशीच ठेवली. पंचफुलेला वाटलं, हा म्हातारा या घरात माझ्यासाठी आडवा उभा राहिला होता, आणि मी पेटी घेऊन नुसती पाहत बसले आहे.

सकाळी पुरणाला डाळ शिजत घालून ती पहिल्या गाडीनं तालुक्याच्या बाजूला गेली. एका मेडिकलात तिनं त्या सुईचं नाव घेतलं. दुकानदारानं विचारलं, "कोणाले पाहिजे?" ती म्हणाली, "घरच्यांले." खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं. पूर्वी या औषधाची मोठी बाटली मिळायची, ढोराला एका दमात भरायला सोपी. म्हणूनच ती बंद झाली. आता मिळतात त्या माणसापुरत्या काचेच्या इवल्या कुप्या. एका बैलाला कितीतरी लागतात. जंगलू विहिरीवर अंघोळीला गेला तेव्हा चुलीपुढं बसून तिनं एकेक कुपीची मान मोडली आणि मोठ्या सुईत रिकामी केली. पहिली मोडल्यावर थांबता आलं असतं. दुसरीनंतरही. घाईत हातून एखादी चूक होते असं म्हणायची सोय तिला त्या कुप्यांनी ठेवलीच नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण; ही म्हण तिला तेव्हाच आठवली होती, आणि तरी तिनं शेवटची कुपी मोडली. पंगत, चुना, मान टाकून मरणं, सगळं तिला पाठ होतं. पण बैल मरेल असं कुठं होतं? बैल मेला नाही तर कोणाचंच काही बिघडत नाही. काही दिवसांत औषध उतरून जातं. असा हिशेब करून ती गोठ्यात गेली.

दुपार कलली आणि बुध्या उठला. आधी पुढचे गुडघे टेकले, मग मागचं अंग उचललं, थरथरला, आणि उभा राहिला. जंगलू ओरडला नाही, नाचला नाही. बैलाच्या गळ्यात हात टाकून हुंदके देऊन रडला. हेमराज गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता. पंचफुला दारात उभी राहून पाहत होती आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला अजिबात पश्चात्ताप नव्हता.

तोरणाखाली बुध्याला बघायला गाव लोटला. झडत्यांची गाणी झाली, तोरण तुटलं, बुध्या हळूहळू एकेका दारात गेला आणि बायांनी त्याचे पाय धुतले. जंगलू ज्याला त्याला सांगत सुटला. "म्या रात्री आवतन देलं. म्हटलं, हेमराज पाहून राह्यला वरतून. अन् आज काय, उठला ना बाप्पा! माह्यासाठी उठला." ही गोष्ट त्यानं त्या संध्याकाळी कोणाकोणाला सांगितली नसेल! ज्यांनी ऐकली होती त्यांनाही पुन्हा सांगितली.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल ओढत गल्लीतून निघाली होती, त्यांच्या चाकांचा खडखडाट चालू होता, आणि तेव्हाच बुध्या गोठ्यात आडवा झाला तो झालाच. औषधानं दुखणं झाकलं होतं. वय थोडंच झाकलं जातं!

माणसं जमली. जंगलू शांत होता, अगदी तृप्त म्हणावा असा. "चांगला गेला. तोरणाखालून जाऊन गेला," म्हणाला. त्यानं बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं. मग नेहमीप्रमाणं कोणीतरी पंचफुलेकडं वळून विचारलं. विचारणारा हसतच होता, कारण तिच्याच घरचा बैल, त्यात काय विचारायचं. "काय पंचफुलाबाई, चालते ना?"

"खड्डा खंदा" हे शब्द तिच्या ओठांवर होते. पण खड्डा म्हटला की काऊन असं विचारणार. सुई कोणी दिली? मी. केव्हा? पोळ्याच्या सकाळी. मग बैल कशानं उठला हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, आणि समोर कुंकवाचं बोट घेऊन जंगलू उभा होता.

"आमच्या घरचा बइल मातीत नाई जात," जंगलू मधेच म्हणाला. "माह्या बापानं नाई गाडला, म्या नाई गाडला. गीध नेतीन त्याले वर. पाव्हणी येईन. नाई का व, पोरी?"

"हाव," पंचफुला म्हणाली. "चालते."

ट्रॅक्टर सुरू झाला. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि शेताला पत्ता नव्हता.

त्या रात्री तिनं मनाला पुष्कळ समजावलं. आभाळ भरलं होतं. पाऊस-ढगात गिधाड उडत नाही; त्याला ऊन लागतं, वर चढणारी गरम हवा लागते. तोवर कुत्रे बुध्याला संपवतील. गावच्या कुत्र्यांना तिनं आयुष्यात पहिल्यांदा शुभेच्छा दिल्या. पण दिवस उजाडला तो लख्ख उघडीप घेऊन. ती फावडं उचलून धावतच टेकडीमागं गेली. निदान पाला-मुरूम टाकून झाकता आला तर झाकू, म्हणून.

पाव्हणी आधीच आली होती. बुध्याच्या पोटाजवळ मान आत घालून ती खात होती. पंचफुला ओरडली, फावडं आपटलं. पाव्हणी दोन पावलं सरकली आणि पुन्हा आली. तिला माणसाची भीती राहिली नव्हती, मोहखेडीनंच ती घालवली होती. मग पंचफुलेनं दगड उचलला. एक मारला, दुसरा मारला. ज्या बाईनं गावच्या पोरांच्या हातातले दगड काढून घेतले होते, ती रडत रडत गिधाडाला दगड मारत होती आणि म्हणत होती, "जाय ना व माय, जाय ना!" शेवटी पाव्हणी उडाली. पण तिच्या गळ्याखालची थैली टम्म फुगली होती. जेवण झालं होतं.

पंचफुलेनं तेव्हाच मेघाला फोन केला असता तर काही झालं असतं का? कदाचित नाही. तिनं केला नाही, हे मात्र खरं. मुरूम ओढून तिनं बुध्याला जमेल तेवढं झाकलं आणि घरी येऊन भाकरी थापल्या.

पुढं मेघाच आली. मोबाइल पुढं करून म्हणाली, "ताई, पाव्हणी कालपासून हलून नाई राह्यली. एकाच जागी दाखवते. चला ना माझ्याबरोबर, तुमाले ओळखते ती." दोघी सालईच्या झाडापाशी गेल्या. पाव्हणी खालच्या फांदीवर बसली होती, मान छातीपर्यंत लोंबत होती. मधेच दचकून मान उचलायची आणि पुन्हा सोडून द्यायची, जसं एखादं म्हातारं माणूस बसल्या बसल्या पेंगतं. दोघींच्या डोळ्यांदेखत ती फांदीवरून खाली आली. उडून नव्हे, पडून. मेघानं तिला मांडीवर घेतलं. "पुढच्या हिवाळ्यात हिनं जोडी केली असती, ताई. घरटं केलं असतं," मेघा म्हणाली आणि ढसाढसा रडली. पंचफुलेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. आपला हात तिथं आहे याची तिला इतकी शरम वाटली की तिनं तो काढून पदराखाली घेतला. मेघाला वाटलं, ताईला पण रडू आलं.

डॉक्टरांनी पाव्हणीला उघडलं तेव्हा काळजावर, यकृतावर पांढरा थर होता, चुना मारल्यासारखा. तपासणीचा अहवाल आला त्यात त्याच औषधाचं नाव. मग मेघानं गाव बोलावला.

गावानं आरोपी आधीच पकडून ठेवला होता. अण्णाजी दूधवाला. त्याची म्हैस त्याच सुमारास मेली होती आणि त्यानं ती पंचफुलेला न विचारता रातोरात नाल्यात टाकली होती. त्यातून अण्णाजी दुधात पाणी घालतो हे जगजाहीर. कोणी कोणी तर म्हणे, तो पाण्यात दूध घालतो. अशा माणसावर आळ घ्यायला पुरावा लागत नाही. "याचीच म्हैस," लोक म्हणाले. "याचं दूध बंद करा. केस करा याच्यावर."

"लेकरायची शपथ घेतो," अण्णाजी काकुळतीनं म्हणाला. "म्या सुई नाई देली. चूक झाली, विचारलं नाई, पण सुई नाई देली." त्याची बायको सीताबाई बायांच्या मागं उभी होती, तोंडात पदर कोंबून. तिच्याकडं कोणी पाहत नव्हतं.

मेघा वळली. "पंचफुलाताई, तुमीच सांगा. तुमचा शब्द शेवटचा."

गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. अण्णाजी तसाही कोणाला आवडत नव्हता. जंगलू पुढं, खांबाला टेकून बसला होता. सकाळीच त्यानं वाटेनं जाणाऱ्या कोणाला तरी थांबवून पोळ्याची गोष्ट सांगितली होती. पंचफुला उठली.

"म्हशीनं नाई मेली पाव्हणी," ती म्हणाली. "बुध्यानं मेली. म्या टोचली त्याले सुई. तीच. पोळ्याच्या सकाळी. अन् तुमी विचारलं तवा म्या खोटं बोलली."

मेघा तिच्याकडं बघत राहिली. तिला रागवायचं होतं, पण राग कुठून सुरू करावा हे तिला कळेना. अण्णाजी मटकन खाली बसला. गावाच्या जिभा हलायला अजून वेळ होता. पण पंचफुला त्यांच्याकडं पाहतच नव्हती. जंगलूनं मान वर केली होती.

"म्हणजे," तो म्हणाला, आणि मग थांबून त्यानं शब्द जुळवले, "म्हणजे तो माह्यासाठी नोयता उठला."

"नाई, मामाजी. सुईनं उठला."

जंगलूनं मान हलवली. समजलं, अशी. मग काठी टेकून उठला, मेघासमोर गेला आणि म्हणाला, "म्याडम, बइल माहा होता. काय करायचं ते माह्यावर करा. पोरीवर नोका करू." एवढं बोलून तो घराकडं चालू लागला. त्यानं तिला तिथंच सर्वांपुढं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर पंचफुलेला बरं वाटलं असतं.

पशुसखीची पेटी तिनं स्वतःहून परत केली. गाव काही दिवस बोलला, मग दुसरा विषय सापडला. मेघा येते, पण "ताई" म्हणायच्या आधी जराशी थांबते. जंगलू मात्र तिच्याशी पहिल्यासारखाच वागतो. चहा मागतो, वाढ म्हणतो, बाजारातून तिच्यासाठी आठवणीनं शेवचिवडा आणतो. एका शब्दानंही त्यानं तिला कधी विचारलं नाही.

परवा पलीकडच्या गावचा एक सोयरा आला होता. ओसरीवर बसला आणि मोठ्या कौतुकानं म्हणाला, "काय गा जंगलूबुवा, ऐकलं तुमचा बइल पोळ्याच्या दिवशी आपसूक उठला म्हणे? सांगा ना, कसं झालं ते."

पंचफुला आत चुलीपाशी होती. हातातली फुंकणी तशीच धरून ती ऐकत राहिली.

"काई नाई गा," जंगलू म्हणाला. "म्हातारा झाल्ता. मेला."